सरकारी कामासाठी सिमेंट चाचणी: नमुना, पत्र आणि अडकणारं बिल

दर मार्चमध्ये असे लहान ठेकेदार भेटतात, ज्यांचं काम चोख असतं पण बिल अडलेलं असतं. बहुतेक वेळा सिमेंट नापास झालेलं नसतं, कागदच चुकलेला असतो.

नमुना ठेकेदाराने परस्पर नेऊन चालत नाही. तो शाखा अभियंत्यासमोर पोत्यांतून काढायचा, हवाबंद डब्यात सील करायचा आणि उपअभियंत्याच्या पत्रासह निविदेत सांगितलेल्या प्रयोगशाळेत द्यायचा. सोबत सिमेंट खरेदीचं जीएसटी बिल, शुल्काची पावती आणि कंपनीचं चाचणी प्रमाणपत्र.

पत्र सहीला पाठवण्याआधी पोत्याशेजारी धरून वाचा. पोतं पीपीसीचं (राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट) आणि पत्रात '५३ ग्रेड', ही चूक फार होते. ५३ ग्रेड हे ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, आयएस २६९ या भारतीय मानकातलं. त्याला २८ दिवसांनी ५३ एमपीए (दाब सोसण्याच्या ताकदीचं एकक) ताकद लागते. पीपीसी आयएस १४८९ भाग १ मध्ये येतं, तिथे ३३ पुरते. म्हणजे ४० एमपीए देणारं उत्तम पीपीसी एका चुकीच्या शब्दापायी नापास ठरतं. पत्र कारकुनाने जुन्यावरून उतरवलेलं असतं, भुर्दंड मात्र ठेकेदाराला.

कंपनीचं प्रमाणपत्र तर कुणाकडेच नसतं. दुकानदार हाताला येईल त्या आठवड्याची झेरॉक्स देतो, पण पोत्यावरचा आठवडा आणि प्रमाणपत्रावरचा आठवडा जुळलाच पाहिजे. माल उतरवतानाच मागून घ्या, नंतर मिळवताना दमछाक होते. पोत्यावर आठवडा ०७ असेल तर तो वर्षाचा सातवा आठवडा, म्हणजे फेब्रुवारी. जुलै समजून जुनी पोती ताजी म्हणून वापरलेली मी पाहिली आहेत. दुकानात तीन महिन्यांहून जास्त पडलेलं सिमेंट पुन्हा तपासून घ्या.

आता मुदत. २८ दिवस नमुना दिल्यापासून नाही, प्रयोगशाळेत सिमेंट-वाळूचे ७०.६ मिमीचे ठोकळे भरल्यापासून मोजतात. ठोकळे ३ मार्चला भरले तर ते ताकद मोजायला ३१ मार्चला फोडणार, आणि अहवाल त्यानंतर. त्या दिवशी आर्थिक वर्षच संपतं! नमुन्यांची रांग वेगळीच. ३ आणि ७ दिवसांचे आकडे आधी कळतात, पण २८ दिवसांच्या अहवालाची जागा ते घेत नाहीत.

म्हणून पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच सहीला न्या. साहेब दौऱ्यावर असले की चार-पाच दिवस तिथेच जातात.