टायपिंग आणि गेमिंगसाठी एकच कीबोर्ड: स्विचच्या आत काय घडते ते पाहून निवडा

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्ड, घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न स्विचच्या रंगाचा येतो. निळा घ्यावा, लाल घ्यावा की तपकिरी? हे रंग चेरी या जर्मन कंपनीचे. तिची एमएक्स स्विचची मालिका १९८० च्या दशकात बाजारात आली. पुढे पेटंटची मुदत संपली तशी गेटरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच घडणीचे स्विच काढले आणि रंगही तेच ठेवले. त्यामुळे रंगावरून जात कळते, गुण कळत नाहीत. गुण कळायला दोन अंतरे पाहावी लागतात: बटण किती दाबल्यावर अक्षर नोंदले जाते, आणि किती वर आल्यावर ते सुटले असे संगणकाला समजते. पहिला आकडा अनेक खोक्यांवर ठळक छापलेला असतो. दुसरा सहसा नसतो, आणि एकाच कीबोर्डवर लिहायचेही आहे आणि खेळायचेही आहे, तर खरा फरक दुसराच पाडतो.

साध्या एमएक्स स्विचमध्ये प्लास्टिकचे घर, वर-खाली होणारा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. बटण वर असताना दांड्याचा पाय एका पट्टीला दूर ढकलून ठेवतो. बटण दाबले की पाय बाजूला होतो, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि सर्किट पूर्ण होते. चेरीच्या लाल स्विचमध्ये हे २.० मिमीवर घडते. पूर्ण खोली ४.० मिमी, आणि त्या बिंदूवर लागणारा जोर ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम वजनाइतका. लाल स्विचमध्ये वाटेत कुठलाही अडथळा नाही. तपकिरीत दांड्याच्या पायाला छोटा उंचवटा असतो. तो ओलांडताना जोर ५५ सेंटिन्यूटनपर्यंत चढतो आणि बोटाला हलकासा टप्पा जाणवतो.

निळ्याची रचना वेगळी आहे. त्याचा दांडा दोन भागांचा असतो. वरचा भाग खाली येत राहतो, आतला सरकता भाग अडून राहतो आणि मग एकदम झटक्याने उडी मारतो. टक् असा आवाज येतो तो या उडीचा. अक्षर २.२ मिमीवर नोंदले जाते, पण सरकता भाग मूळ जागी परतायला बटण त्या बिंदूच्या बरेच वर यावे लागते. टायपिंगला याचा त्रास नाही, कारण आपण एक अक्षर दाबून पुढच्याकडे जातो, आणि आवाजामुळे अक्षर उमटल्याची खात्री पटते. भारतातल्या दुकानांचे बिलिंग काउंटर आणि डेटा एंट्रीची कार्यालये वर्षानुवर्षे ज्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डवर चालली, त्यात निळे स्विच होते ते उगीच नाही. खेळताना मात्र तेच बटण भराभर दोनदा दाबायचे असते. बोट अर्धवट उचलून पुन्हा दाबले, तर निळ्यात दुसरी दाब नोंदलीच जात नाही. एकाच कीबोर्डवर दोन्ही कामे करायची असतील तर निळा घेऊ नये, हे मत ठामपणे मांडता येते. रात्री घरातली माणसे झोपलेली असताना तर नाहीच नाही.

मिलिसेकंदांचा हिशेब

जाहिरातीत ‘स्पीड’ स्विच फार मिरवले जातात. चेरीचा स्पीड सिल्व्हर १.२ मिमीवर नोंद करतो, म्हणजे लालपेक्षा ०.८ मिमी आधी. बोट सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने खाली जाते असे हिशेबापुरते धरू. मग ०.८ मिमीचे ४ मिलिसेकंद वाचतात. आता उलटा प्रवास पाहा. लाल स्विच तळापर्यंत दाबला असेल, तर ४.० वरून २.० मिमीपर्यंत, म्हणजे २ मिमी वर यावे लागते. त्याच वेगाने १० मिलिसेकंद. स्पीड सिल्व्हरची पूर्ण खोली ३.४ मिमी आहे. तिथून १.२ पर्यंत यायला २.२ मिमी, म्हणजे ११ मिलिसेकंद. खाली जाताना कमावलेल्या चारांतला एक वर येताना जातो. नाव स्पीड, आणि सुटायला मात्र लालपेक्षा उशीर!

भर म्हणून धातूच्या पट्ट्यांचा स्वभाव आहेच. फरशीवर टाकलेली गोटी जशी दोन-चार उड्या मारून थांबते, तशा पट्ट्या टेकताना क्षणभर थरथरतात आणि एका दाबेत सर्किट अनेकदा जुळते-तुटते. म्हणून कीबोर्डमधला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, थोडा वेळ थांबून सिग्नल स्थिर झाला का ते पाहतो. याला डीबाउन्स म्हणतात. क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्ये ही वेळ मुळात ५ मिलिसेकंद ठेवलेली असते. म्हणजे स्पीड स्विचने वाचवलेले ४ मिलिसेकंद एका सेटिंगमध्ये गडप होऊ शकतात. काही फर्मवेअर पहिला स्पर्श लगेच नोंदवतात आणि त्यानंतरची थरथर दुर्लक्षितात. सेटिंगमध्ये ‘ईगर’ असा पर्याय दिसला, तर खेळणाऱ्याने तो निवडावा.

पोलिंग रेटवर, म्हणजे कीबोर्ड सेकंदाला किती वेळा संगणकाला बातमी देतो यावर, पैसे घालवण्याआधीही हा हिशेब करावा. १२५ हर्ट्झला कीबोर्डची बातमी संगणकापर्यंत दर ८ मिलिसेकंदांनी जाते, १,००० हर्ट्झला दर १ मिलिसेकंदाने, ८,००० ला दर ०.१२५ मिलिसेकंदाने. १२५ वरून १,००० वर जाण्यात अर्थ आहे. त्यापुढे सरासरी वाचतो तो अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ, आणि १४४ हर्ट्झच्या पडद्यावरचे एक चित्रच ७ मिलिसेकंद टिकते. वायरलेस हवा असेल तर खेळासाठी २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल वापरावा. ब्लूटूथ लो एनर्जीच्या दोन संपर्कांमधले अंतर सहसा ७.५ मिलिसेकंदांच्या खाली येत नाही. लिहायला ते पुरेसे आहे.

चुंबकाचे स्विच

१८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाला आढळले, की वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आणले तर पट्टीच्या आडव्या दिशेने थोडा व्होल्टेज तयार होतो. यावर चालणारे कीबोर्ड नवे नाहीत. हनीवेलने १९६० च्या दशकातच ते बनवले होते. आजच्या हॉल इफेक्ट कीबोर्डमध्ये दांड्याच्या पोटात छोटा चुंबक आणि खाली सर्किट बोर्डवर सेन्सर असतो. चुंबक जवळ येईल तसा व्होल्टेज बदलतो आणि बटण नेमके किती खोल आहे हे सतत मोजता येते. पट्ट्या टेकतच नाहीत, त्यामुळे थरथर नाही आणि त्यासाठी थांबणेही नाही.

खोली कळते, म्हणून नोंदीचा बिंदू आपल्याला ठरवता येतो. पण मोठा फायदा रॅपिड ट्रिगरचा आहे. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने ही सोय लोकप्रिय केली आणि आता ती स्वस्त चिनी कीबोर्डांतही आली आहे. यात सुटण्याचा बिंदू ठरलेला नसतो. बटण कुठल्याही खोलीवर असो, बोट ०.२ मिमी वर आले की ते सुटले, आणि पुन्हा तेवढेच खाली गेले की दाबले गेले असे धरले जाते. मघाच्या हिशेबात तळापासून सुटायला १० मिलिसेकंद लागत होते, इथे १ लागतो. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट या गोळीबाराच्या खेळांत धावता धावता गोळी झाडली तर नेम चुकतो. म्हणून खेळाडू डावीकडे जाताना ‘ए’ सोडून क्षणभर ‘डी’ दाबतो आणि जागच्या जागी थांबतो. ‘ए’ सुटायला उशीर झाला की थांबायलाही उशीर. हे ९ मिलिसेकंद इथे कामी येतात. गोष्टीरूप खेळ किंवा शेतीचे खेळ खेळणाऱ्याला ते जाणवणारही नाहीत, त्याने यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

एक सोय मात्र जपून वापरावी. कीबोर्ड बनवणाऱ्या रेझर कंपनीने २०२४ मध्ये ‘स्नॅप टॅप’ आणले: दोन विरुद्ध बटणे एकदम दाबलेली असली तर शेवटचे धरायचे, पहिले आपोआप सोडायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काउंटर-स्ट्राइकची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर असे स्वयंचलन वापरणाऱ्यांना सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. रॅपिड ट्रिगरला ही अडचण नाही.

आता याच कीबोर्डवर लिहायला बसा. नोंदीचा बिंदू ०.१ मिमी ठेवला असेल, तर बटणावर टेकलेल्या बोटानेही अक्षरे उमटतात. ‘फक्त डब्ल्यू, ए, एस, डी ही खेळात चालण्याची बटणे संवेदनशील ठेवा, बाकी नेहमीसारखी’ असा सल्ला सर्रास दिला जातो. इंग्रजीत तो कसाबसा चालतो. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत याच चार बटणांवर अनुक्रमे ै, ो, े आणि हलन्त बसलेले आहेत. मराठीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात लागणारी चिन्हे ही, आणि डाव्या हाताची तीन बोटे विसावतात तीही इथेच. मग शब्दाशब्दांत जादा मात्रा आणि नको तिथे पाय मोडलेली अक्षरे. त्यामुळे दोन वेगळे प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे संच, करावेत. लिहिण्याचे: सर्व बटणे १.५ ते २.० मिमी, रॅपिड ट्रिगर बंद. खेळाचे: चार बटणे ०.५ ते ०.८ मिमीवर, रॅपिड ट्रिगर ०.३ मिमी, स्पेस आणि बाकीची १.२ च्या आसपास. सरावाने ०.३ चे ०.२ करता येते. ०.१ वर बऱ्याचदा उलटेच होते: धरून ठेवलेल्या बटणावर बोट जरा कापले तरी ते सुटते आणि चालता चालता पात्र अडखळते. प्रोफाइल कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठतात का आणि बटणांच्या जोडीने बदलता येतात का, हे खरेदीआधी पाहावे. नाहीतर लिहायला बसताना दर वेळी सॉफ्टवेअर उघडावे लागते, आणि तो उत्साह आठवडाभर टिकतो.

हॉल इफेक्टच्या मर्यादाही आहेत. यातले बहुतेक स्विच लालसारखे सरळ असतात. टप्पा आवडणाऱ्याला पर्याय थोडे. सेन्सर सतत चालू असल्याने वायरलेसमध्ये बॅटरी लवकर उतरते. तापमानाने मोजमाप किंचित सरकते, म्हणून अधूनमधून कॅलिब्रेशन करावे, म्हणजे मोजमाप पुन्हा जुळवून घ्यावे. चुंबक असलेले फोनचे कव्हर कीबोर्डवर ठेवू नये. आणि स्विच बदलता येतात असे लिहिले असले तरी साधे स्विच यात चालत नाहीत. चुंबकीय स्विचसुद्धा त्या बोर्डच्या यादीतलाच लागतो, कारण चुंबकाची दिशा उलटी असेल तर मोजमाप चुकते.

धातूच्या पट्ट्यांचाच स्विच घ्यायचा असेल, तर सरळ जातीचा, ५० सेंटिन्यूटनच्या जवळपासचा घ्यावा. ४५ चा लाल हलका असल्याने लिहिताना शेजारचे बटण दाबले जाते, अशी तक्रार नव्या वापरणाऱ्यांकडून येते. ज्यांचे काम मुख्यतः लिहिणे आणि खेळणे शनिवार-रविवारी, त्यांना तपकिरी ठीक. ६० च्या वर जाऊ नये, इन्स्क्रिप्टवाल्यांनी तर मुळीच नाही. ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श हे सगळे शिफ्ट धरून येतात आणि तो भार करंगळीवर पडतो. याच कारणाने शिफ्टच्या लांब बटणाखालची तार, म्हणजे स्टॅबिलायझर, तपासावी. बटणाच्या कडेला दाबल्यावर ते वाकडे अडकू नये, खडखडू नये. खडखडत असेल तर तारेच्या दोन्ही टोकांना थोडे सिलिकॉन ग्रीस पुरते. ग्रीस स्विचमध्ये जाऊ देऊ नये.

एकदम किती बटणे नोंदली जातात हाही प्रश्न आहे. बटणे आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यावर बसतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांची बटणे दाबली की वीज आडवाटेने जाऊन चौथेही दाबल्याचा भास होतो. प्रत्येक स्विचला डायोड असेल तर हे होत नाही. खोक्यावर ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलेले असते ते यासाठी. यूएसबीच्या मूळ साच्यात शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणे सोडून सहा बसतात, आणि व्यवहारात तेवढी पुरतात.

आकारात ८७ बटणांचा टीकेएल (उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला) किंवा ७५ टक्क्यांचा बोर्ड दोन्ही कामांना सोयीचा. माउसला जागा मिळते आणि बाणांची बटणे राहतात. ६० टक्क्यांत बाण फंक्शनच्या जोडीने दाबावे लागतात, मजकूर दुरुस्त करताना त्याचा वैताग येतो. एक्सेलमध्ये आकडे भरणाऱ्याने पूर्ण आकार घ्यावा आणि माउसची तक्रार करू नये. कीकॅप, म्हणजे बटणांवरची टोपणे, पीबीटी प्लास्टिकचे असावेत. एबीएस प्लास्टिकचे लवकर गुळगुळीत होऊन चकाकतात. देवनागरी अक्षरांसाठी स्टिकर मिळतात, पण त्यांच्या कडा बोटाला लागतात आणि घामाने सुटतात.

बिघाडांत सर्वांत जास्त दिसतो तो ‘चॅटर’: एकदा दाबले की दोन अक्षरे उमटतात. पट्ट्यांमध्ये धूळ किंवा घाण शिरलेली असते. हवेचा फवारा मारून बटण वीस-तीस वेळा दाबावे. नाही सुटले तर डीबाउन्स ८-१० मिलिसेकंद करावा. तरीही नाही तर स्विच बदलावा. स्विच काढताना चिमट्याने सरळ वर ओढावा. नवा बसवताना दोन्ही पिना सरळ आहेत ना ते पाहावे, कारण वाकलेल्या पिनेने जोर लावला तर खालचे सॉकेट बोर्डपासून उचकटते आणि मग सोल्डरिंगशिवाय इलाज नाही. कोकण, मुंबई, गोव्याच्या खाऱ्या हवेत पट्ट्यांचा सोन्याचा मुलामा टिकतो, पण स्टॅबिलायझरच्या तारा आणि स्प्रिंग गंजतात. पावसाळ्यात काम नसताना कीबोर्डवर कव्हर घालावे. चहा सांडला तर आधी केबल काढावी, वायरलेस असेल तर बंद करावा, मग तो पालथा धरून कीकॅप काढावेत. साखरेचा चिकटा आधी किंचित ओल्या कापडाने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निदान दोन दिवस वाळू द्यावा.

कीबोर्ड हातात आला की परतीची मुदत असेपर्यंत तीन गोष्टी करून पाहाव्यात. नोटपॅडमध्ये प्रत्येक बटण पाच वेळा दाबून पाचच अक्षरे येतात का ते मोजावे. शिफ्ट, डब्ल्यू, ए आणि स्पेस धरून आर, ई, सी एकेक दाबून पाहावे, नेहमीच्या खेळातली जुळणी असेल तर तीच. आणि इन्स्क्रिप्ट लावून ‘धाडसाने घोषणा थांबवली’ असे शिफ्टने भरलेले वाक्य सलग दहा वेळा टाइप करावे. करंगळी तिसऱ्या-चौथ्या वेळीच दुखू लागली, तर स्प्रिंग जड आहे.