ओहोटी वेगळी, ओढ वेगळी: समुद्रावर निघालेल्या खान्देशी कुटुंबासाठी

खान्देशातून समुद्रावर निघणारं कुटुंब दोन गोष्टी हमखास विचारून घेतं: राहायची सोय काय, आणि ओहोटी कधी. दुसरा प्रश्न योग्यच आहे. घोळ होतो तो उत्तर मिळाल्यावर. 'ओहोटी संध्याकाळी आहे' एवढं कळलं की दिवसभर पाण्यात बिनधास्त, असा हिशेब मनात पक्का होतो. कुणी बुडालं की 'ओहोटीनं ओढून नेलं' असंच बोललं जातं, त्यामुळे ओहोटी टाळली की धोका टळला असं वाटणं साहजिक आहे. पण लाटांच्या किनाऱ्यावर माणूस आत खेचला जातो, तेव्हा खेचणारी गोष्ट बहुतेक वेळा ओहोटी नसते. ती असते किनाऱ्याच्या एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून समुद्राकडे धावणारी पाण्याची ओढ. जीवरक्षक तिला रिप करंट म्हणतात. ती ऐन भरतीतही असू शकते.

आधी ओहोटी. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे समुद्राची पातळी वरखाली होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसात साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. मागच्या रविवारी गेलेल्या पाहुण्यानं सांगितलेली वेळ या रविवारी कामाची नाही, ती याचमुळे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा चढउतार सर्वांत कमी, तो भांग.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटीचा तळ. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, पण निघायचा वार ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. मात्र हे मुंबई-कोकणापुरतं. आपल्याला जवळ पडणाऱ्या सुरतेकडच्या किनाऱ्यावर भरती बरीच उशिरा पोचते, तिथे हा हिशेब लावू नका, त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

ओहोटीबद्दल लक्षात ठेवायची गोष्ट ही, की ती अख्ख्या किनाऱ्याची असते. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी एकदमच मागे जातं, तेही सहा तास घेऊन. मोकळ्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ओहोटी उचलून नेत नाही. पाणी त्याला सोडून निघून जातं, इतकंच. (खाडीच्या तोंडाशी गोष्ट वेगळी. तिथे आत साठलेलं सगळं पाणी अरुंद वाटेनं बाहेर पडतं आणि ओहोटीचाच प्रवाह जोरकस होतो. खाडीच्या मुखाजवळ पोरांना पाण्यात सोडूच नये.)

आता ओढ. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचे बांध तयार झालेले असतात. लाट बांधावर येऊन फुटते, फेसाळ पाणी बांध ओलांडून किनाऱ्याकडे येतं. एकामागून एक लाटा पाणी आणून टाकत राहतात. ते परत कुठून जाणार? बांधात जिथे खिंड पडलेली असते तिथून. आजूबाजूचं पाणी कडेकडेनं खिंडीकडे वाहतं आणि तिथून थेट समुद्राकडे सुटतं. खडकाच्या कडेला, जेट्टीच्या भिंतीलगत हेच होतं. हा पट्टा बहुधा दहा-वीस मीटर रुंद असतो, कधी जास्त. वेग साधारणपणे सेकंदाला अर्धा मीटर, पण जोरात असेल तर दोन मीटर किंवा त्याहून अधिक. सेकंदाला दोन मीटर म्हणजे ऑलिंपिकमधल्या जलतरणपटूचा वेग. विहिरीत आणि पाटात पोहायला शिकलेल्या माणसानं त्याच्याशी शर्यत लावायची नसते.

आणि ही ओढ माणसाला खाली बुडवत नाही. ती पृष्ठभागावरूनच बाहेर नेते, लाटा फुटतात त्या रेषेच्या थोडं पलीकडे नेऊन सोडते आणि विरते. माणूस बुडतो तो घाबरून, थेट किनाऱ्याकडे हात मारत राहून, दम संपल्यामुळे.

दोन्हींची गल्लत होण्याला एक खरं कारण आहे, ते मान्य करायला हवं. पाणी उतरलं की बांधावरची खोली कमी होते, लाटा बांधावर जास्त फुटतात आणि परतीच्या पाण्याला खिंडीशिवाय वाट उरत नाही. त्यामुळे पुष्कळ किनाऱ्यांवर ओढ ओहोटीच्या सुमारास वाढते. म्हणजे ओहोटी ओढीला जोर देते, पण ओढ निर्माण करतात त्या लाटा. लाटा मोठ्या असतील तर भरती असो की ओहोटी, ओढ येणारच. अगदी सपाट, निवांत समुद्र असेल तर ऐन ओहोटीतही ती नसेल.

तिसरी एक गोष्ट या दोघींच्या मध्ये येऊन गोंधळ वाढवते. फुटलेल्या लाटेचं पाणी मागे जाताना टाचेखालची वाळू सरकते आणि आपणच समुद्राकडे चाललोय असं वाटतं. पोरं किंचाळतात ती यालाच. हे चार-पाच सेकंदांचं काम, पुढची लाट आली की संपलं. सपाट किनाऱ्यावर ती नुसती गंमत. उतार तीव्र असेल आणि लाट किनाऱ्यालाच आपटत असेल तर मात्र चार वर्षांचं पोर यानंही आडवं होऊन घरंगळतं. त्याचा हात धरलेला हवा, नुसती नजर नाही.

खान्देशातून समुद्र दोन बाजूंना आहे, आणि गंमत म्हणजे एका बाजूला ओहोटीचं प्रकरण मोठं, दुसऱ्या बाजूला ओढीचं. धुळे-नंदुरबारकरांना सुरतेची बाजू जवळ: साक्री, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत, किंवा नंदुरबारहून सरळ रेल्वेनं. आपली तापी मुलताईहून ७२४ किलोमीटर वाहत येऊन इकडेच, डुमसच्या बाजूला समुद्राला मिळते. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं, त्यामुळे त्या बाजूला भरतीचं पाणी कोंडून उंच चढतं. भावनगरला उधाणाचा चढउतार दहा मीटरच्या घरात जातो. मुंबईला तो चार-साडेचार मीटर, तर सिंधुदुर्गात दोन-अडीचच्या आसपास. डुमस, उभराट, आणि खाली आलं की आपल्या पालघर जिल्ह्यातलं बोर्डी, हे सगळे मंद उताराचे किनारे. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की 'समुद्र कुठंय?' असं पोरं विचारतात. लाटा उथळ पाण्यात आधीच दमून जातात, त्यामुळे ओढीची भीती कमी. पण चालत चालत आत गेलात आणि पाणी परतायला लागलं, तर अडचण तिथे आहे.

पाणी एकसारख्या गतीनं येत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चढ पाच मीटरचा धरला तर मधल्या दोन तासांत तासाला सव्वा मीटर पाणी चढतं, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या छातीच्याही वर. त्यातून ते समोरूनच येईल असं नाही. मागच्या खोलगट घळीत आधी भरतं आणि आपण उभे असतो तो उंचवटा बेट होऊन बसतो. डुमसच्या चिखलात गाड्या रुतल्याच्या बातम्या दर वर्ष-दोन वर्षांनी येतात. त्यांतला दोष समुद्राचा कितपत, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. अशा किनाऱ्यावर घड्याळ महत्त्वाचं: ओहोटीच्या तळाच्या आधी आत जा, पाणी तळाला टेकलं की परत फिरा, आणि गाडी पक्क्या रस्त्यावरच ठेवा.

दुसरी बाजू रत्नागिरी-सिंधुदुर्गाची. जळगावहून हा काही एका दिवसाचा प्रवास नाही, मुक्काम करूनच मधला एक दिवस समुद्रावर काढायचा. इथे उघडा समुद्र, खऱ्या लाटा, मऊ वाळू. भोगवे किंवा आरवली-शिरोडा भागातल्या शांत किनाऱ्यांवर गर्दी नाही, फुगेवाले नाहीत, घोडे नाहीत. कुटुंबाला नेमकं हेच हवं असतं, पण निर्जन किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, बावटे नसतात, आणि आरडाओरडा ऐकायलाही कुणी नसतं. गणपतीपुळ्याला देवदर्शन करून मागच्या समुद्रात उतरणाऱ्यांत आपल्याकडचे पुष्कळ असतात. तिथे बुडण्याच्या घटना सातत्यानं घडत आल्या आहेत. आणि हे फक्त पावसाळ्यात होतं असंही नाही. २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून जास्त विद्यार्थी बुडाले, तो फेब्रुवारी महिना होता.

या किनाऱ्यावर घड्याळापेक्षा डोळे जास्त उपयोगी पडतात. पोचल्या पोचल्या चपला काढून धावायचं नाही. थोड्या उंचीवरून, सुरूच्या बनाशेजारून किंवा रस्त्याच्या कठड्यावरून, दहा मिनिटं पाणी बघायचं. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या होऊन फुटतायत आणि मध्येच एक पट्टा असा की तिथे फुटत नाहीत, रंग गडद, वर बारीक खळबळ: तीच खिंड. फेस किंवा गढूळ वाळू किनाऱ्याकडे न येता समुद्राकडे चाललेली दिसेल. कुणी सोडलेला झेंडूचा हार तरंगताना दिसला तर त्याच्यावर नजर ठेवा. आधी तो किनाऱ्याला समांतर सरकतो, बाकी फेसाबरोबर वर-खाली होतो, मग गडद पट्ट्याशी आला की वळतो आणि बघता बघता लाटांच्या पलीकडे जातो. त्याच वेळी पंचवीस पावलांवर दुसरा फेस निवांत वाळूवर येऊन पसरत असतो. एकाच किनाऱ्यावर, एकाच मिनिटाला. ओहोटीचं वेळापत्रक हे सांगू शकत नाही.

वाईट भाग असा, की तो गडद पट्टा दिसायला सगळ्यांत शांत असतो. आईवडील लाटा बघून पोरांना तिकडून हटवतात आणि नेमकं तिथे नेऊन उभं करतात, 'आठे पानी कितलं शांत शे' म्हणत. लाटा फुटत नाहीत कारण तिथे पाणी खोल आहे. पांढरा फेस असलेली, कमरेच्या खालची, एकसारख्या लाटांची जागा दिसायला आडदांड असली तरी लहानांसाठी तीच बरी.

चुकून कुणी ओढीत सापडलंच तर काय करायचं, हे आपल्याकडच्या माणसाला खरं तर शिकवावं लागू नये. तापीच्या काठची माणसं नदी पार करताना कधी नाकासमोर पोहत नाहीत. धारेबरोबर तिरपं जात खालच्या घाटाला लागतात. इथेही धारेशी भांडायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून बोलवायचं, दम असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतायत त्या बाजूला सरकायचं आणि मग लाटांबरोबर परत यायचं. दम नसेल तर नुसतं तरंगायचं. ओढ पुढे विरते.

बाहेर उभ्या माणसानं मागोमाग उडी टाकायची नाही. एकाला वाचवायला गेलेला काका आणि मोठा भाऊ दोघंही जातात, हे पाझर तलावापासून समुद्रापर्यंत सगळीकडे सारखंच आहे. आपण पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, तोच डबा इथे कामाला येतो: पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन रिकामा करून, झाकण घट्ट लावून त्याच्याकडे फेकायचा. माणूस त्याला धरून तरंगतो. जवळच्या होडीवाल्याला हाक मारायची आणि ११२ लावायचा.

दिवस आखताना हे सगळं असं बसतं. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचंच नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा आहे का ते बघायचं, कारण हजारो किलोमीटर दूरच्या वादळानं उठवलेल्या लाटा इथे स्वच्छ उन्हात, वारा पडलेला असताना येऊन धडकतात. पाण्यातला वेळ सकाळचा ठेवा आणि शक्यतो ओहोटीच्या तळाचे तास त्यातून वगळा. जागा स्थानिक होडीवाल्याला विचारून ठरवा. 'इथं ओढ आहे का?' असंच विचारायचं. 'ओहोटी कधी?' विचारलंत तर तो इमानदारीनं ओहोटीचीच वेळ सांगेल. साडी किंवा जीन्स नेसून-घालून गुडघ्याच्या पुढे जाऊ नका, भिजल्यावर त्यांचं वजन पाय उचलू देत नाही. कळण्याची भाकरी, ठेचा आणि केळी पाण्यातून बाहेर आल्यावरच सोडायची. मोठ्यांपैकी एकानं कोरडं राहून किनाऱ्यावर उभं राहायचं, पाळीपाळीनं, आणि त्या पाळीत मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत.