टिटवीच्या घरट्यांचा हिशोब

होळकरांच्या काळात बांधलेले इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. २०२५ मध्ये इंदूर शहरालाही रामसरची पाणथळ-नगरी म्हणून मान्यता मिळाली. कौतुक वाढलं तशी काठावरची वर्दळही वाढणार. सुदामानगर, लोकमान्यनगरातली आपली मंडळी सकाळ-संध्याकाळ सिरपूरला फिरायला जातात, आणि ऐन उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवरच. माणसांच्या येण्याजाण्यानं तिची किती घरटी वाया जातात, हे मोजण्याची धड रीत जेमतेम साठ-पासष्ट वर्षांची आहे.

त्याआधी हिशोब सरळ होता: सापडलेल्या घरट्यांपैकी किती यशस्वी झाली? पण सुरुवातीच्या दिवसांतच मोडलेली घरटी कुणाच्या नजरेला पडत नाहीत. टिकलेलीच वहीत चढतात आणि यशाचा आकडा फुगतो. अमेरिकेतले हौशी पक्षी-अभ्यासक हॅरल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्ये यावर तोड काढली. त्यांनी घरट्यांऐवजी घरटी नजरेखाली असलेले दिवस मोजले. समजा सगळ्या घरट्यांचे मिळून १०० दिवस भरले आणि त्यात २ घरटी मोडली, तर एक दिवस तग धरण्याची शक्यता ०.९८. टिटवी साधारण २८ दिवस अंडी उबवते, म्हणजे शेवटपर्यंत टिकतील सुमारे ५७ टक्के घरटी. वर्दळीमुळे रोजचा आकडा ०.९६ वर आला, तर उरतील ३२ टक्केच. रोजचा एवढासा फरक महिन्याअखेर निम्म्याच्या घरात जातो, म्हणून ही रीत मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडेही सुरेश जयकर आणि हेलन स्पर्वे या संशोधकांनी पिवळ्या गाठीच्या टिटवीच्या घरट्यांवर बारकाईनं काम करून १९६५ मध्ये ते बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या नियतकालिकात छापलं. पुढे २००२ आणि २००४ मध्ये आलेल्या पद्धतींमुळे घरट्याचं वय, तारीख, पायवाटेपासूनचं अंतर अशा गोष्टींचा परिणाम वेगळा काढता येऊ लागला.

२००१ मध्ये जिल, नॉरिस आणि सदरलँड या संशोधकांनी आणखी एक इशारा दिला: पक्षी उडतो की नाही, यावरून नुकसान ठरवू नका. ज्याला दुसरी जागाच नाही, तो माणसं आली तरी बसून राहतो. टिटवी तर उन्हात पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. मे महिन्यात तिला किती वेळ अंड्यांपासून दूर राहावं लागलं, हे उडण्याच्या नोंदीइतकंच मोजायला हवं.

सिरपूरला अशी मोजणी करायची तर गर्दीचा आणि शांत, दोन्ही पट्टे घ्यावे लागतील, आणि भटकी कुत्रीही नोंदवावी लागतील. नाहीतर कुत्र्यांनी खाल्लेली अंडी फिरणाऱ्यांच्या खात्यावर चढतील.