घोरण्याचा आजार ओळखायला इतकी वर्षं का लागली?

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, डॉक्टरांनी ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’चं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं नाव घेतलं आणि हा शब्द बातम्यांतून अनेकांच्या कानी पडला. तोवर जोरात घोरणारा माणूस म्हणजे ढाराढूर झोपलेला, असाच आपला समज. वैद्यकशास्त्रही फार पुढे नव्हतं. घोरणं रोज रात्री घरच्यांच्या कानांवर आदळत होतं, पण डॉक्टर पेशंटला तपासणार दिवसा, तो जागा असताना.

१९५६ साली अमेरिकेत बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका लठ्ठ रुग्णाची हकिगत छापली. पोकर खेळताना त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले होते, म्हणजे डाव जवळपास खिशातच. तरी तो बसल्या जागी पेंगला आणि डाव हुकला. मग मात्र तो इस्पितळात गेला! डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये उभ्या उभ्या झोपणारा जाडा जो आहे, त्यावरून त्यांनी या दुखण्याला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं. वजन वाढलं, श्वास उथळ झाला, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, म्हणून गुंगी, असा त्यांचा उलगडा. रात्री घशात काय होतं हे कुणी पाहिलंच नव्हतं.

पाहणं सोपंही नव्हतं. मेंदूच्या विद्युतलहरी कागदावर टिपण्याचं तंत्र हान्स बर्गरने १९२४ मध्येच साधलं होतं. पण झोप म्हणजे मेंदू बंद, मग रात्रभर कागद कशाला वाया घालवायचा, असा हिशेब. शिकागोत ॲसेरिन्स्की या संशोधकाने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून रात्ररात्र यंत्र चालू ठेवलं, तेव्हा बंद पापण्यांमागे डोळे भराभर फिरताना दिसले. १९५३ मध्ये त्याने आणि क्लाइटमनने ही ‘रेम’ झोप जाहीर केली. माझ्या मते आजच्या स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभराच्या झोपतपासणीचा पाया तिथेच पडला.

पुढे १९६५ मध्ये फ्रान्समधलं मार्सेय आणि जर्मनीतलं फ्रायबुर्ग इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे पिकविकियन रुग्णांच्या झोपेची नोंद घेतली आणि खरा गुन्हेगार सापडला. छाती-पोट श्वासासाठी धडपडतंय, पण घसा मिटल्यामुळे हवा आत जातच नाही. मग मेंदू क्षणभर जागा होतो, एक मोठा घोर आणि पुन्हा तेच. सकाळी पेशंटला यातलं काही आठवत नाही. स्टॅनफर्डमध्ये गिलमिनो आणि डिमेंट यांनी १९७६ च्या सुमारास आजाराची व्याख्या पक्की केली. किमान दहा सेकंद श्वास थांबला तर एक ॲप्निया. आता त्यात अर्धवट अडलेले श्वासही धरून ताशी सरासरी काढतात: पाचच्या आत ठीक, तीसच्या वर गंभीर.

निदान झालं, पण उपाय काय, तर श्वासासाठी गळ्याला भोक पाडायचं! एवढ्यासाठी तपासणीला कोण येणार? १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र मांडलं आणि तपासणी करून घेण्यात अर्थ आला. १९९३ च्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन पाहणीने हा आजार दुर्मीळ नसल्याचं दाखवलं. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने नेहमीच्या हेल्थ चेकअपला आलेले ३५ ते ६५ वयाचे पुरुष निवडून त्यांच्यातल्या काहींची घरी झोपतपासणी केली. २००४ मध्ये आलेले आकडे: १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडत होता, आणि दिवसाच्या पेंगेसकट पूर्ण आजार ७.५ टक्क्यांना होता. ही माणसं घोरण्याची तक्रार घेऊन आलेली नव्हती, हे विशेष.

आजही पहिली साक्ष बहुधा शेजारी झोपणाऱ्याचीच असते: ‘मध्येच श्वास थांबतो हो यांचा.’ त्यानंतर डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा, छाती-पोटावर पट्टे, नाकात नळी, बोटाला ऑक्सिमीटर, असा लॅबमधला रात्रीचा मुक्काम. घरी करायच्या तपासणीत मेंदूच्या तारा बहुधा नसतात. त्यामुळे माणूस कूस बदलत जागा पडलेला असला तरी तो वेळ हिशेबात धरला जातो आणि ताशी आकडा कमी दिसू शकतो. म्हणून घरचा रिपोर्ट नॉर्मल आला पण पेंग आणि घोरणं तसंच राहिलं, तर डॉक्टर लॅबमध्ये एक रात्र काढायला सांगतात.