बुधचा खर्च आणि साताऱ्याचा

खटाव तालुक्यातल्या बुध गावातलं एक घर घ्या आणि साताऱ्यात सदर बझारला भाड्याने राहणारं दुसरं. महिन्याचा खर्च कुणाचा जास्त? कुणीही शहराकडे बोट दाखवेल, आणि देशाचे आकडेही तेच सांगतात. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत माणशी महिन्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये निघाला, शहरी भागात ६,९९६. शहर ७० टक्क्यांनी पुढे. २०११-१२ मध्ये हे अंतर ८४ टक्के होतं.

आकडा माणशी आहे, घरामागे नाही, हे बरं. नाहीतर आजी-आजोबांसह सहा माणसांचं घर तिघांच्या फ्लॅटपेक्षा उगाच ‘खर्चिक’ दिसलं असतं.

खरी गंमत पुढे आहे. बुधच्या घरात ज्वारी शेतातली, दूध गोठ्यातलं. त्याला पैसे मोजले नाहीत, तरी पाहणीत ते खर्च म्हणूनच धरतात. पण भाव कोणता लावायचा? घरच्या पिकाला शेतावरचा भाव लावतात. तीच ज्वारी साताऱ्यात दुकानातून आणली की तिच्यावर वाहतूक, हमाली, अडत आणि दुकानदाराचा नफा चढलेला असतो. भाकरी दोन्हीकडे तेवढीच, कागदावर मात्र शहरातली महाग.

घरभाड्याचं तर आणखी विचित्र. सदर बझारचं भाडं खर्चात येतं. बुधचं घर स्वतःचं, त्यामुळे तिथे शून्य, मग ते चौसोपी का असेना. स्वतःच्या घराचं अंदाजी भाडं या सरासरीत धरत नाहीत. म्हणजे त्या ७० टक्क्यांतला काही भाग निव्वळ भाड्याचा आहे. रेशनच्या मोफत धान्यासारख्या, फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून वेगळा आकडाही काढतात: ग्रामीण ४,२४७, शहरी ७,०७८. खेड्यात १२५ रुपयांची भर, शहरात ८२ ची.

मला विचाराल तर रुपयांपेक्षा अन्नाचा वाटा जास्त बोलका. मिळकत वाढली की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडला. आपल्याकडे तो वाटा खेड्यात सुमारे ४७ टक्के, शहरात ४० च्या आसपास. आणि या अन्नात पेयं, पाकीटबंद आणि बाहेरचे पदार्थ यांवरचा खर्च आता धान्यावरच्या खर्चाहून जास्त आहे, अगदी खेड्यातसुद्धा.

मग सातारा शहर आणि खटाव तालुका यांची थेट तुलना या पाहणीतून करता येईल का? नाही. देशभरातून २,६१,९५३ घरं निवडली होती. ती सगळ्या जिल्ह्यांत वाटली तर एका जिल्ह्याच्या वाट्याला काही शेच येतात, तालुक्याला तर मूठभर. एवढ्या थोड्या घरांत एखाद्याने ट्रॅक्टरसोबत मोटारसायकलही घेतली किंवा एकाला दवाखान्याचं मोठं बिल आलं, की सरासरी हलते. (ट्रॅक्टर तसा या हिशोबात नाहीच, तो धंद्याचा खर्च, मोटारसायकल मात्र आहे.) नमुना, म्हणजे निवडलेली घरं, चौपट केला तर सरासरीतली संभाव्य चूक जेमतेम निम्मी होते, चौथाई नव्हे. पाहण्यांचं हे गणित ज्यांनी आयुष्यभर हाताळलं, ते संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे जन्माने बुधचेच. गरिबी आणि कुपोषण मोजायचं कसं यावर त्यांचा पुढे ज्यांच्याशी जाहीर वाद झाला, ते अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर साताऱ्याचे.