बर्फ हवा, पण गोठायला नको

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागतो तेव्हा बर्फाचा हिशेब लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ असतो. वाडीवरच्या अंगणवाडीत लसीकरण असतं त्या दिवशी सिस्टरच्या पेटीतही तोच हिशेब चालतो, फक्त तो जास्त अवघड असतो.

पोलिओच्या थेंबांत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो बाळाच्या आतड्यात वाढतो आणि आतडंच रोगाला ओळखायला शिकतं. खरा पोलिओ विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, हातांतून तोंडावाटे शिरतो, म्हणून आतड्यातली ही राखण मोलाची. पण उन्हाने थेंबांतला विषाणूच मेला तर डोस वाया गेला. नेहमीच्या लशींत उष्णतेला सगळ्यांत नाजूक हीच. मे महिन्यातली आपल्याकडची दुपार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे धोका कळेल.

त्यासाठी थेंबांच्या बाटलीवर एक खूण छापलेली असते : जांभळं वर्तुळ आणि आत फिकट चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. सतत ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली तर दोनेक दिवसांत तो वर्तुळाइतका गडद होतो आणि बाटली बाद होते. पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून चौकोन फिका होत नाही; लागलेलं ऊन तो विसरत नाही. मला ही खूण फार आवडते, कारण ती वाचायला यंत्रही लागत नाही आणि शिक्षणही.

आता अवघड भाग. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात बाळाला पोलिओचं इंजेक्शनही मिळतं. त्यातला विषाणू मेलेला असतो. तो रक्तात प्रतिपिंडं तयार करवून मज्जातंतूंना वाचवतो. थेंब गोठले तरी त्यांचं बिघडत नाही. इंजेक्शनची लस मात्र एकदा गोठली की गेली, आणि चौकोन फक्त उष्णतेची नोंद ठेवतो, गोठल्याची नाही. दोन्ही लशी एकाच पेटीतून वाडीवर जातात. म्हणून फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तडक पेटीत घालत नाहीत. त्यांना बाहेर घाम फुटू देतात, मग एकेक कानाशी हलवून बघतात. आत पाणी डुचमळलं की मगच ते पेटीत जातात.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. मग अजून हा खटाटोप कशाला, असं आया विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू अजून फिरतो. लागण झालेल्या साधारण दोनशे जणांत एखाद्यालाच लकवा होतो, बाकीचे बहुतेक हिंडतेफिरते असतात आणि नकळत विषाणू पसरवतात. लकव्याचा पहिला रुग्ण दिसेपर्यंत तो कुठवर पोचला असेल, सांगता येत नाही.

पुढच्या वेळी बाळाला घेऊन जाल तेव्हा सिस्टरना बाटलीवरचा चौकोन दाखवायला सांगा. डोस देण्याआधी त्यांनीही तो पाहिलेला असतो.