बॅज नसलेल्या एपिसोडची चीड: पोकेमॉनमधल्या फिलर-वादाची पार्श्वभूमी

पोकेमॉन या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा नवा एपिसोड यायचा, त्यात पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून त्यांच्या लढती लढवणारा नायक ऐश एका गावात थांबायचा, कुणाचा तरी हरवलेला पोकेमॉन शोधून द्यायचा, टीम रॉकेट ही खलनायकांची टोळी आकाशात उडून जायची आणि ज्याला हरवल्यावर बॅज मिळतो त्या जिम लीडरचं दर्शनही न होता एपिसोड संपायचा. तासाभरात "फिलर" (मूळ कथा पुढे न नेणारा, वेळ भरून काढणारा भाग) हा शिक्का बसलेला असायचा. चाहत्यांच्या या चिडीला पंचवीसेक वर्षांचा इतिहास आहे, पण तिला आजची धार आली ती बरीच अलीकडे.

शिक्का मुळात पोकेमॉनसाठी तयार झालेला नव्हता. मंगावरून, म्हणजे जपानी चित्रकथांवरून, बनणाऱ्या मालिका मंगाच्या पुढे जाऊ लागल्या की स्टुडिओ स्वतःची कथा घुसडून वेळ काढायचा. पहिल्या नारुतो मालिकेच्या शेवटचे ऐंशीच्या आसपास भाग असेच गेले आणि "कोणते भाग सोडून द्यावेत" अशा याद्या तिथे रुजल्या. पोकेमॉन मात्र व्हिडिओ गेमवरून आलेला. गेममध्ये कथा जेमतेम असते: आठ जिम, एक खलनायकी टोळी, शेवटी लीग ही मोठी स्पर्धा. एवढ्यावर दर आठवड्याला अर्ध्या तासाची मालिका तीन-तीन वर्षं चालवायची, म्हणजे बहुतांश भाग स्टुडिओनेच रचलेले असणार. तरीही चाहत्यांनी तीच पट्टी उचलली आणि तिच्यावर खुणा केल्या बॅजच्या.

लांबण कुठून आली हे पाहायचं तर गेमचं वेळापत्रक बघावं. गोल्ड आणि सिल्व्हर हे गेम लांबत लांबत नोव्हेंबर 1999 मध्ये आले. तोवर ऐशला कुठेतरी फिरवत ठेवणं भाग होतं, म्हणून गेममध्ये नसलेली ऑरेंज बेटं जन्माला आली. त्यानंतरचा जोहतो या प्रदेशातला प्रवास दीडशेहून अधिक भाग चालला, आणि "फिलर म्हणजे जोहतो" हे समीकरण अजून पुसलेलं नाही. 2013 मध्येही एक्स आणि वाय हे नवे गेम ऑक्टोबरात येणार, तोवर काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणून उनोवा प्रदेशातून परतीच्या वाटेवर डेकोलोरा बेटांची सफर काढली गेली. चाहते लेखकांना शिव्या घालतात. घड्याळ मात्र गेमवाल्यांच्या हातात असतं.

ऐश कालोस प्रदेशात होता त्या काळात (2013 ते 2016) हा वाद खऱ्या अर्थाने पेटला. एकूण 140 भाग, बॅज आठ. पहिला बॅज सहाव्या भागात मिळाला, दुसऱ्यासाठी जवळपास वीस भाग थांबावं लागलं. लढायांचं अ‍ॅनिमेशन आधीच्या कुठल्याही पर्वापेक्षा देखणं होतं, त्यामुळे लढाई नसलेला आठवडा जास्तच रिकामा वाटायचा. त्यातच ऐशची सोबतीण सेरेना हिचे शोकेस, म्हणजे पोकेमॉनसोबत मंचावर नाचगाण्याच्या स्पर्धा, आले, आणि इथे दोन तट पडले ते आजतागायत.

ऐशच्या आधीच्या सोबतिणी मे आणि डॉन यांच्या काँटेस्टना, म्हणजे पोकेमॉनच्या सादरीकरणाच्या स्पर्धांना, निदान गेमचा आधार होता. शोकेस गेममध्ये नव्हतेच. ते मालिकेसाठी बेतलेले. म्हणून एका गटाने ते सरसकट फिलरमध्ये टाकले: ऐशची गोष्ट थांबवून नाचगाणी कशाला? दुसऱ्या गटाचं म्हणणं, सेरेनाला ध्येयच नव्हतं, आईला तिला रायहॉर्न रेसर (रायहॉर्न या पोकेमॉनवर स्वार होऊन शर्यत लावणारी) करायचं होतं, तिला स्वतःची वाट सापडणं हीच मुख्य कथा. पहिल्याच शोकेसमध्ये तिची पोकेमॉन फेनेकिन सजावटीच्या रिबिनीत अडकून पडते आणि सेरेना बाहेर फेकली जाते. दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर जाऊन आपल्या पोकेमॉनसमोर मनसोक्त रडते, मग लांब केस कापून टाकते. ना बॅज, ना नवा पोकेमॉन. यादीच्या नियमाने हा भाग खुशाल सोडून द्यावा असाच. पण तो सोडला तर पुढच्या तीन प्रिन्सेस कीज (शोकेस जिंकल्यावर मिळणाऱ्या किल्ल्या) आणि मास्टर क्लास या शेवटच्या मोठ्या शोकेसच्या अंतिम फेरीतला तिचा पराभव, दोन्ही निर्जीव होतात. माझं मत उघड आहे: ज्या यादीत हा भाग फिलर ठरतो, ती यादी निकामी.

किरकोळ वाटणारा भाग गाळला की काय होतं याचं जुनं उदाहरणही आहे. पहिल्या पर्वातला ड्राटिनी या पोकेमॉनचा भाग त्यातल्या पिस्तुलांमुळे इंग्रजीत आणलाच गेला नाही. वरवर पाहता सफारीतली ती एक किरकोळ भटकंती. त्याच भागात ऐशने तीस टॉरोस (बैलासारखे पोकेमॉन) पकडले होते. इंग्रजी प्रेक्षकाला पुढे ऐशचे पोकेमॉन सांभाळणाऱ्या प्राध्यापक ओकच्या आवारात अचानक टॉरोसचा कळप धावताना दिसला. आपल्याकडे 2003 मध्ये सुरू झालेला हिंदी डब इंग्रजीवरूनच केलेला, त्यामुळे शाळेतून येऊन टीव्हीसमोर बसणाऱ्या मराठी पोरांनाही तो कळप कुठून आला ते समजायला मार्ग नव्हता.

ऑगस्ट 2016 मध्ये ऐश कालोस लीगच्या अंतिम सामन्यात अलेनकडून हरला, तेव्हा जुने फिलर पुन्हा उकरून काढले गेले. "इतके आठवडे वाट पाहायला लावून हेच दाखवायचं होतं?" हा सूर तेव्हापासून कायमचा बसला. 2019 मध्ये त्याने अलोला लीग जिंकली तरी उतारा पडला नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या जर्नीज या पर्वात ऐशच्या जागतिक क्रमवारीतल्या काही लढती धावत्या झलकीत उरकल्या गेल्या आणि त्याचा सोबती गो याच्या पोकेमॉन पकडण्याला अख्खे भाग मिळाले, तेव्हा तर याद्या दर आठवड्याला निघू लागल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये ऐश जगज्जेता झाल्यावर त्या थंडावल्या.

एप्रिल 2023 पासून ऐश नाही; लिको आणि रॉय हे नवे नायक आहेत. नव्या मालिकेची सुरुवात जिमपासून झाली नाही, त्यामुळे बॅजची पट्टी चालेना. तिथे मग काळा रेक्वेझा धरून लुशियस या प्राचीन साहसवीराचे सहा हीरो, म्हणजे त्याचे पोकेमॉन, मोजले जाऊ लागले, आणि ते ज्या आठवड्यात दिसले नाहीत त्या आठवड्याचा एपिसोड फिलर.